जाऊबाईंचं लख्ख घर

आमच्या जाऊबाईंच्या घरात पाय ठेवायचा म्हणजे आधी स्वतःचे पाय बघावे लागतात. दाराशी एक ओलं फडकं, त्यापुढे एक कोरडं फडकं, आणि त्यापुढे जाऊबाई. तुमच्या टाचांकडे त्या अशा बघतात, की धुऊन आलेल्या माणसालाही आपण उकिरड्यातून आलो असं वाटावं. दातांच्या दवाखान्यात त्यांनी उभी हयात मदतनीस म्हणून काढली. लोकांच्या थुंकीच्या चिळकांड्या, किडक्या दाढा आणि रक्ताचे बोळे बघून बघून त्यांना सगळ्या जगाचीच शिसारी बसली. निवृत्त झाल्या तरी दवाखान्यातले रबरी हातमोजे काही सुटले नाहीत. भांडी घासताना, दाराची मूठ पुसताना, सुटे पैसे घेतानासुद्धा हातमोजे.

येणारे-जाणारे म्हणतात, घर असावं तर असं! मीही लग्न होऊन आले तेव्हा तोंडात बोट घातलं होतं. आमचे हे आणि त्यांचे थोरले भाऊ एकाच मजल्यावर राहतात, मध्ये एक भिंत. त्यामुळे पुढच्या दाराने पाहुण्यांना काय दिसतं तेही मला ठाऊक आहे आणि मागच्या खिडकीतून काय जातं तेही.

मागच्या खिडक्या डक्टमध्ये उघडतात. आमची आणि मागची इमारत यांच्यामध्ये चार हात रुंदीची जागा आहे. चारही बाजूंनी भिंती, वरून खाली उतरलेले पाइप, तळाशी शेवाळ. पूर्वी कचरागाडी येत नसे तेव्हा सगळी बिऱ्हाडं तिथेच टाकायची. आता रोज सकाळी गाडी फाटकाशी उभी राहते, घंटा वाजवते. पण गाडीपर्यंत डबा न्यायचा म्हणजे जिना उतरायचा, चार लोकांना दिसायचं. आणि हीच आमच्या इमारतीची खरी गोम आहे. जिचं घर जितकं लख्ख, तिला आपला कचरा घेऊन चारचौघांतून जायची तितकी लाज.

"आपली घाण काय मिरवायची?" जाऊबाई म्हणतात.

मग काय, दृष्टीआड सृष्टी! खरकटं, अंड्यांची टरफलं, माशांचे काटे, केसांचं गुंतवळ, नातवाचे लंगोट, सगळं मागच्या खिडकीतून खाली. धप्प. एवढा आवाज झाला की जाऊबाई हात धुतात आणि त्यांचं घर पुन्हा लख्ख होतं. मी त्यांना दोनदा टोकलं, तर म्हणाल्या, "तू तुझं बघ गं धाकटे. तुझ्या ओट्यावर परवा झुरळ होतं." होतं, नाही कशाला म्हणू?

याच डक्टच्या तळाशी जाऊबाईंची एक खोली आहे. मुळात अडगळीची. तिला एकच खिडकी, आणि ती कुठे उघडते ते सांगायला नको. इथल्या कुणाला ती खोली दाखवली की तो नाक दाबून परत जातो. म्हणून जाऊबाई परदेशी भाडेकरू शोधतात. बिचाऱ्यांनी फोटो बघून होकार दिलेला असतो, आणि खिडकी बंद असेल तर फोटोत वास येत नाही.

या खेपेला एक मुलगी आली. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून. बावीस-तेविशीची असेल, बारीक चणीची, आपली भाषा पुस्तकातून शिकलेली. आल्या दिवशीच ती घरोघर गेली. प्रत्येक दारात उभी राहिली, दोन्ही हातांनी एक निळा पत्र्याचा डबा पुढे केला आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाली, "मी खाली राहायला आले. माझ्या आईने स्वतः केलं आहे." डब्याच्या झाकणावर त्यांच्या लिपीतली अक्षरं होती, भोवती पांढरी दोरी, वर गाठ. नंतर मला कळलं की एवढे डबे मावावेत म्हणून तिने बॅगेतून स्वेटर काढून घरी ठेवला होता.

आमच्या डब्यात कसल्याशा वाळवलेल्या फळाच्या चकत्या निघाल्या. आंबट, खारट आणि वर गोड. मला एकही खाववेना. आमच्या ह्यांनी मात्र दोन दिवसांत डबा फस्त केला. ते बशीत ठेवलेला साबणही खातील. मी डबा धुऊन त्यात सुया-दोरे ठेवले.

इमारतीने तिचं नाव पाडलं 'पाहुणी'. नाव एवढं गोड, आणि वागणं बघा! ती जिन्यात भेटली की लोक भिंतीला चिकटून उभे राहत, जणू तिचा रंग लागेल. तिच्या मागे नाक मुरडत. "त्यांच्याकडे म्हणे रोज आंघोळ नसते," पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. काकू कधी गावाबाहेरही गेलेल्या नाहीत. उचलली जीभ लावली टाळ्याला.

पहिल्या आठवड्यात पाहुणीने खिडकी उघडून बघितली आणि तिच्या उशीवर चहाचा चोथा पडला. दुसऱ्या आठवड्यात खिडकी बंद ठेवली तर भिंतींना बुरशी धरली, अंथरूण कुबट झालं. मग तिने खिडकीबाहेर एक छत्री उघडून बांधली. त्या छत्रीवर काय काय साचायचं ते मी वरून बघायची. रविवारी ती तोंडाला फडकं बांधून छत्री धुवायची, पुन्हा बांधायची. सोमवारपर्यंत छत्री पुन्हा भरलेली.

एकदा तिने जाऊबाईंना विचारलंच, "वरून कचरा पडतो. कोण टाकतं?"

"अगं, उंदीर आणतात," जाऊबाई हातमोज्यातला हात उडवत म्हणाल्या. "मोठे मोठे उंदीर आहेत इथे. तू खिडकी बंद ठेव."

त्या संध्याकाळी पाहुणी माझ्या दारात आली. स्वतःच्या शर्टाची बाही नाकाशी नेऊन मला विचारू लागली, "वास येतो का? खरं सांगा." येत होता. कपड्यांत मुरलेला, ओला, नासका वास. कारखान्यात तिच्या वरिष्ठांनी तिला दाराशेजारच्या टेबलावर बसवलं होतं, सगळ्यांपासून लांब. मी म्हटलं, "खोली बदल गं बाई." तर म्हणाली, "खूप शोधली. परदेशी म्हटलं की नाही म्हणतात. ही खोली गेली तर मला घरी जावं लागेल." तिला काचा घासायचं काम फार आवडायचं. खिशातून मऊ पिवळं फडकं काढून तिने माझा चष्मा पुसून दिला. मला जग एकदम स्वच्छ दिसलं, आणि समोरच जाऊबाईंचं दार होतं.

पुढे उकाडा वाढला आणि डक्टने जीव घ्यायला सुरुवात केली. पाइप तुंबला. तळाशी काळं पाणी साचलं, त्यावर माश्या. दुपारी जेवायला बसलं की वासाने घास फिरायचा. आता इतकी वर्षं टाकतंय कोण, हे इमारतीतल्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं. पण सोसायटीचे सेक्रेटरी बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, "वास सगळ्यात जास्त कुठे येतो? तळाच्या खोलीपाशी. तिथे राहतं कोण?"

बस्स! सगळ्यांना हायसं वाटलं. माना डोलल्या. मी म्हटलं, "अहो, ती यायच्या आधी काय इथे अत्तर वाहत होतं का?" कुणी ऐकलंच नाही. जाऊबाई तर म्हणाल्या, "मी भाडं घेते, तिच्या सवयींची हमी घेत नाही." चोर तो चोर वर शिरजोर, दुसरं काय! ठरलं असं, की रविवारी सफाईवाला डक्टमध्ये उतरेल, आणि कचरा तिचा निघाला की तिने त्याच दिवशी खोली सोडायची.

रविवारी सगळी इमारत खाली जमली. तमाशा असला की आमच्याकडे कुणाला जिना उतरायची लाज वाटत नाही. पाहुणी एका बाजूला उभी होती, हात पोटाशी घट्ट धरून. सफाईवाला पाटी भरभरून बाहेर ओतू लागला. काय काय निघालं ते लिहायलाही हात धजत नाही. लंगोट, कुजलेल्या भाज्या, कुणाची तरी कवळी, गुंतवळाचे गोळेच्या गोळे. एवढ्या छोट्या खोलीतली एकटी मुलगी एवढं सगळं कधी खाणार, कधी टाकणार? पण लोकांचे डोळे काहीतरी वेगळंच शोधत होते. आणि ते निघालं.

काळ्या चिखलातून निळा पत्रा.

"हे बघा!" सेक्रेटरी ओरडले. "तिच्याच देशाची अक्षरं. आता बोला!"

"मी म्हणतच होते," जाऊबाई म्हणाल्या.

पाहुणीने डब्याकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला. मी पुढे झाले, डबा उचलला, हाताला लागलेल्या चिखलाने मला ओकारी आली तरी उचलला. "सेक्रेटरीसाहेब, दोरी बघा," मी म्हटलं. "गाठ सुटलेली नाही. न उघडलेला खाऊ कुणी स्वतःच फेकतं का?"

तेवढ्यात सफाईवाल्याने दुसरा डबा ओतला. मग तिसरा. मग आणखी. सगळे निळे, सगळे बंद, सगळ्यांच्या गाठी जागच्या जागी. सहा बिऱ्हाडांचे पाच डबे. सहाव्यात माझ्या सुया होत्या.

पहिल्या मजल्यावरच्या काकू आपल्या चपला निरखू लागल्या. सेक्रेटरींना अचानक फोन आठवला. मगाचे वाघ आता एकेक करून मागे सरकले. मला त्या चिखलापेक्षा या तोंडांची जास्त किळस आली. तेव्हाही आली, आता सांगतानाही येते.

"खिडकीत ठेवला होता, पडला असेल," जाऊबाई एवढंच म्हणाल्या.

पाहुणीने त्यांच्याकडे बघितलं आणि हळूच होकारार्थी मान हलवली. मग तिने पाचही डबे गोळा केले, नळाखाली नेले, साबणाने धुतले. आपल्या पिवळ्या फडक्याने एकेक डबा काचेसारखा पुसला. लोक पांगले होते. खोली सोडायची गोष्ट कुणी काढली नाही, उलट सेक्रेटरी जाता जाता म्हणाले, "राहा हो तुम्ही, राहा."

संध्याकाळी ती पुन्हा घरोघर गेली. प्रत्येक दारात उभी राहिली, दोन्ही हातांनी डबा पुढे केला. या वेळी वाक्य पाठ केलेलं नव्हतं. "तुमचा पडला होता," ती म्हणाली. प्रत्येकाला तो घ्यावा लागला, तिच्या डोळ्यांसमोर, दोन्ही हातांनी. जाऊबाईंच्या डब्यावर तिने खोलीची किल्ली ठेवली होती. मी म्हटलं, "अगं, आमच्याकडे राहा, कशीबशी सोय करू." तिने माझे हात धरले, पण मान नकारार्थी हलवली. "इथे नाही," म्हणाली. आमच्या ह्यांनी तिची बॅग फाटकापर्यंत नेली. ती घरी गेली, आपल्या देशात.

मी परत वर आले तर जाऊबाई दारात उभ्या होत्या. हातमोजे घातलेले. दोन बोटांच्या चिमटीत डबा.

"गेली?" त्यांनी विचारलं. "वागायला बरी होती गं पोर. पण घाणेरडी. उकिरड्यातले डबे उचलून दारोदार वाटत फिरली. शी!"

आणि त्या आत गेल्या. भिंतीपलीकडे मला मागच्या खिडकीची कडी काढल्याचा आवाज आला.