पिवळा वाढदिवस

माझी आई कस्तुराबाई मळवलीला एका शेटच्या बंगल्यात धुणीभांडी करायची आणि बाप, गेणू, तिथलाच माळी. शेटची माणसं मुंबईहून वर्षातून दोनदा यायची, बाकी सारा वेळ बंगल्यावर आमचंच राज्य. आई बुटकी, काळीसावळी आणि तोंडानं फटकळ. कुणाचं म्हणून ऐकून घ्यायची नाही. अशा बाईला घरच्याच माणसांनी मिळून फसवलं. आज मी सत्तरी ओलांडली, तरी माझा राग गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

आईचं लग्न सहाव्या वर्षी झालेलं. मांडवात झोपली होती, तशीच उचलून बोहल्यावर उभी केली. सासरी काय काय सोसलं ते ती कधी सांगायची नाही, पण तिच्या दंडावर उलथन्याचा डाग होता. मी जन्मले तेव्हा तिनं बापाला खंडोबाच्या देवळात नेलं आणि हातावर भंडारा घेऊन शपथ घ्यायला लावली, की पोरगी जाणती झाल्याशिवाय तिचं लग्न करणार नाही. भंडारा म्हणजे देवाची हळद. ती उचलून माणूस खोटं बोलणार नाही, एवढा तिचा भरवसा.

मला सातवं लागायच्या आधीची दिवाळी. शेटच्या नातीचा वाढदिवस बंगल्यात झाला आणि तो सगळा गुलाबी. गुलाबी झगा, गुलाबी सरबत, कागदाच्या गुलाबी साखळ्या. मी खिडकीला नाक लावून बघत होते. रात्री आईच्या मागं भुणभुण लावली, की माझाही कर, पण पिवळा. पिवळाच का, ते आज सांगता यायचं नाही. परसात झेंडू होता म्हणून असेल.

आमच्यात कुठला आलाय वाढदिवस! माघातल्या पुनवेची पोर, एवढीच माझी जन्मपत्रिका. पण आईच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं. शेटाणीनं टाकलेलं पांढरं धोतर तिनं जपून ठेवलं होतं. नूरमहंमद शिंप्याची बायको रोशनबी तिची जिवाभावाची. तिनं त्याचं परकर-पोलकं शिवलं. आईनं ते तुरटीच्या पाण्यात भिजवून मग हळदीत उकळलं. रद्दीच्या पट्ट्या हळदीत बुडवून दोरीवर वाळत घातल्या, त्यांच्या साखळ्या केल्या. जेवायला पुरण, पिवळा भात, बुंदी. येणाऱ्या पोरांनी अंगावर काहीतरी पिवळं घालून यायचं, नाहीतर कानात झेंडू खोवायचा, असा तिचा हुकूम. बाप आधी म्हणायचा की बाईला येड लागलंय.

त्याच हिवाळ्यात कायद्याची बोलवा उठली. एप्रिल उजाडला की चौदाच्या आतल्या पोरीचं लग्न लावणाऱ्याला सरकार शिक्षा करणार. गावोगाव पोरी उजवायचा नुसता सपाटा लागला. आई मात्र खूश. रोशनबीला म्हणाली, सरकारनं माझंच ऐकलं बघ.

पुनवेला आठ दिवस राहिले आणि बापाचा सूर बदलला. म्हणाला, करायचाच तर नीट करू, मी मांडव घालतो. वाढदिवसाला मांडव! पण आईला त्यात काही खटकलं नाही. जन्मात पहिल्यांदा नवऱ्यानं तिची हौस पुरवली होती, ती बिचारी हुरळून गेली. चार दिवस आधी टाकव्याहून माझी आत्या अंबूबाई आली. एरवी आईशी धड न बोलणारी बाई पदर खोचून पुरण वाटायला बसली. आई रोशनबीपाशी रडली म्हणे, माणसं एवढी चांगली असतात आणि आपणच वाईट बोलतो म्हणून.

पुनवेच्या सकाळी मला पाटावर बसवलं. आत्यानं फडक्यात बांधलेली वाटी सोडली. म्हणाली, टाकव्याची हळद हाय, आमच्या घरची, हिच्या पिवळ्या सणाला खास आणली. पयला हात आईचा. आई हसत हसत पुढं झाली आणि दोन्ही हातांनी माझ्या गालांना, गळ्याला, पायांना ती हळद चोळली. मी गुदगुल्या होऊन हसत होते. बाया गाणी म्हणायला लागल्या. गाणी लग्नाची होती, पण आईला वाटलं, हळद आली की बायांना दुसरं सुचतंय काय.

तेवढ्यात फाटकाशी बैलगाड्या थांबल्या. पहिल्या गाडीत आत्याच्या दिराचा पोरगा, अंबाजी. डोक्याला मुंडावळ्या, अंगाला हळद.

आई उठून उभी राहिली. हात तसेच पिवळे. बापाकडं बघत म्हणाली, "भंडारा उचललावता तुमी."

बाप मान वर करीना. कायद्याचं पुटपुटला, असं स्थळ पुन्हा न्हाई म्हणाला. आईनं मला काखोटीला मारलं आणि दाराकडं निघाली. आत्या आडवी आली. आवाज न चढवता बोलली, "आता कुटं नेतीस वयनी? नवऱ्याची उष्टी हळद लागलीया तिला. तुज्याच हातानं."

नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीला लागली, की पोरगी त्या घरची झाली. मग लग्न मोडलं तर तिला कुणी दारात उभं करत नाही. हे आईला ठाऊक होतं. तिनं मला खाली ठेवलं. पोरं कानात झेंडू खोवून आली होती, ती लग्न जेवून गेली.

सासूला डोळ्यानं दिसत नव्हतं, म्हणून महिन्याभरातच मला टाकव्याला नेलं, शेण-पाणी करायला. पावसाळ्याआधी आई भेटायला आली. मी कणगीमागं लपले. तिनं हाक मारली तेव्हा आतूनच म्हणाले, "तूच लावलीस ना हळद? मग जा."

ती उंबऱ्यावर जराशी बसली. "मला ठाऊक न्हवतं," एवढंसुद्धा ती म्हणाली नाही. आणलेले लाडू ठेवले आणि निघून गेली. मी ते खाल्ले आणि तिच्याशी बोलणं टाकलं. एक-दोन नव्हे, अकरा वर्षं. सणाला माहेरी गेले तरी बापाशी बोलायचे, त्याच्या मांडीला मांडी लावून जेवायचे, आणि आईकडं बघायचे नाही. त्या घरात भात पांढरा, आमटी पांढरी, भाजी पांढरी. आईनं स्वयंपाकातली हळद सोडली होती. मला वाटायचं, बाईची काहीतरी तऱ्हा. बाप मुकाट्यानं गिळायचा, कारण त्याला माहीत होतं.

बाप गेला त्या वर्षी रोशनबीनं मला बोलावून सगळं सांगितलं, अगदी वाटीपासून. मी तिथून पळतच बंगल्यावर आले. आई चुलीपाशी होती. मी तिचे पाय धरले, म्हणाले, आई, इतकी वर्षं मला सांगितलं का न्हाईस? मी तुला काय काय बोलले.

तिनं पाय सोडवून घेतले.

"काय सांगायचं," ती म्हणाली. "हात तर माजेच हुते."

मग माझ्यापुढं ताट वाढलं. भात पांढरा, आमटी पांढरी. मी जेवले.