जोडव्याखालची जखम

मामींच्या उजव्या पायातलं जोडवं मी बोटानं जरासं सरकवलं आणि माझा हात थांबला. चांदीच्या कडेनं कातडी कापत आत गेलेली खाच होती आणि तिच्यात पू. वर बघितलं तर मामी नातीच्या परीक्षेबद्दल सांगत होत्या. कपाळावर एक आठी नाही.

"मामी, दुखत नाही?"

"नाही मा. काय झालं?"

मी फिजिओथेरपिस्ट. मूळची साताऱ्याची, अकरा वर्षं चेन्नईत अण्णा नगरमधल्या एका फूट क्लिनिकमध्ये मधुमेहाच्या पेशंटचे पाय तपासते. मामी नात्यातल्या नव्हेत, इकडे वडीलधाऱ्या बाईला मामीच म्हणतात; त्या तंजावरकडच्या मराठी. तांबरमहून इतक्या लांब यायच्या त्या निम्म्या माझ्याशी मराठी बोलायला. त्यांची मराठी जुन्या पत्रातल्यासारखी, मधे मधे तमिळ, आणि लाडानं 'मा'.

आपल्या कातडीत निरनिराळ्या कामांची बारीक टोकं असतात. रिसेप्टर म्हणतात त्यांना. कुणी हलका स्पर्श टिपतं, कुणी दाब, कुणी थरथर, कुणी ऊन-गार. स्पर्शाची टोकं लवकर सरावतात, म्हणून अंगठी घातल्यावर थोड्या वेळात ती बोटात आहे हेच आपण विसरतो. दुखणं टिपणारी टोकं तशी सरावत नाहीत. काही बिघडलं की कटकट करत राहतात, आणि तेच बरं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा खराब होतात. आधी जातात त्या सगळ्यात लांबच्या, पायाच्या बोटांपर्यंत पोचणाऱ्या. मामींचं बोट सुजलं, जोडवं रुतलं, आणि कटकट करायला तिथे कुणी उरलंच नव्हतं.

फाईल उघडली. सहा महिन्यांपूर्वीच्या तपासणीत 'नॉर्मल' लिहिलेलं, माझ्याच अक्षरात. तपासणी तशी सोपी. नायलॉनचा जाडसर धागा तळव्याला टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा, आणि पेशंटनं डोळे मिटून कुठे कळलं ते सांगायचं. मी मात्र दर वेळी "मामी, कळतं ना?" असं विचारलं असणार. आपल्या भाषेचं माणूस भेटलं की मी अशीच ऐसपैस होते. मामी भल्या, एवढ्या प्रेमानं विचारणाऱ्या मुलीला नाही कशाला म्हणायचं, म्हणून हो म्हणत गेल्या. आणि जोडव्याचं बोट तर मी सोडूनच दिलं होतं. आमच्या क्लिनिकमधल्या सगळ्याच जणी सोडतात. सवाष्णीच्या जोडव्याला उगाच कशाला हात लावा. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

क्लिनिकच्या डॉक्टर सरांनी येऊन जखम बघितली. "रिंग आत्ताच कट करा. ब्लड सप्लाय अजून चांगला आहे. थांबलात तर बोट जाईल."

मामींनी पाय ओढून घेतला. "मेट्टी नको काढू मा. हे बाहेर बसले आहेत, धडधाकट. ते असता मेट्टी काढतात काय?" जोडव्याला इकडे मेट्टी म्हणतात.

"मामी, बोट जाईल."

"जाऊ दे. माझं बोट जाईल, त्यांचं काही जाणार नाही."

मी बाहेर जाऊन मामांना सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. मामा एग्मोरच्या एका ऑफिसातून रिटायर झालेले क्लार्क, मोजकं बोलणारे. आत आले, स्टूल ओढलं आणि मामींच्या पायाशी बसले.

"अय्यो, पाय धरू नका. पाप लागेल मला."

"लग्नात अम्मीवर पाय ठेवून मेट्टी कोणी घातली?"

अम्मी म्हणजे वाटायचा पाटा. इकडच्या लग्नात नवरा बायकोचा पाय हातात धरून पाट्यावर ठेवतो आणि जोडवी घालतो.

"तुम्हीच," मामी म्हणाल्या.

"तेव्हा सगळा मांडव बघत होता. तेव्हा पाप लागलं नाही. घातली मी, काढ म्हणतोही मी. बोट बरं झालं की परत मीच घालतो."

मामींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तो होकार समजून मी कटर आणला.

मामांनी दोन्ही हातांनी पाऊल धरलं. भुलीचं इंजेक्शन लागलं नाही. दुसऱ्या कुणाच्या असल्या बोटाला सरांनी ते दिल्याशिवाय मी हात लावला नसता. चांदी जुनी आणि जाड होती. वेळ लागत होता.

"अहो," मामी भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "धरा ना पाय. भीती वाटते मला."

मी थांबले. मामा दहा मिनिटं ते पाऊल धरूनच बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नसांबद्दल मी बाहेर जे समजावलं होतं, ते त्यांना खरं आत्ता उमगलं. त्यांनी एक हात सावकाश वर नेला. घोट्यावर ठेवला. मामी गप्प. आणखी वर नेला, पोटरी सुरू होते तिथे.

"हं," मामी म्हणाल्या. "आता धरलं."

"हो," मामा म्हणाले. "आता धरलं."

डोळे भरले असताना कटर चालवता येत नाही. मी उठून चेहरा धुऊन आले आणि उरलेलं जोडवं कापलं.

बोट वाचलं. जखम भरायला दोन महिने लागले. मामींचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून रोज सकाळी कॉफी झाली की मामाच त्यांचे तळवे आणि बोटांमधल्या फटी बघतात. मामी अजून कुरकुरतात, पण पाय पुढे करतात.

मी आता प्रत्येकीचं जोडवं सरकवून बघते, कुणाला रुचो न रुचो. 'कळतं ना' विचारत नाही. डोळे मिटायला सांगते आणि तोंड बंद ठेवते. मामींची तपासणी मी पुढच्या आठवड्यात पहिल्यापासून केली. स्पर्श जिथून कळायला लागतो तिथे पायावर पेनानं रेघ मारतात. धागा टेकवत टेकवत मी ती मारली. मामांचा हात थांबला होता, तिथेच आली.