डी नदीचा मान

गल्फमधल्या मुसफ्फ्याच्या फॅब्रिकेशन यार्डात नवी क्रेन आली, नवी शेड उभी राहिली की गाऱ्हाणं घालायला भिवाच लागायचा. कणकवलीकडचा वेल्डर, आवाज खणखणीत. जागेच्या राखणदाराला हाक मारून तो त्याचा मान, नारळ-कोंबडा, कबूल करायचा, मगच काम सुरू. रत्नागिरीचा फिटर हनीफ चिडवायचा, "भिवा, इथल्या वाळूला तुझी मालवणी कळते काय रे?"

"तिका भूक कळता. मगे भाषा कित्याक होयी?"

यार्डाचे इंजिनियर इनेस साहेब स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनचे. वीस वर्षं गल्फमध्ये काढून मोडकंतोडकं हिंदी शिकलेले. ९८ साली यार्डात एका पुलाचे गर्डर बनत होते. चहाच्या सुट्टीत साहेबांनी खडूनं पत्र्यावर आपली डी नदी काढली. वरच्या अंगाला सात कमानींचा जुना दगडी पूल. खाली बंदराजवळ पूर्वी होडी चालायची. सव्वाशे वर्षांमागे सुट्टीच्या दिवशी ती उलटली, बत्तीस माणसं गेली. मग वर्गणी निघाली आणि तिथंही पूल झाला.

"फिर भी नदी हर साल तीन आदमी लेता," साहेब हसत म्हणाले. "बुड्ढा लोग बोलता."

भिवा हसला नाही. "पूल बांधा तब पानी को पूछा था, साब?"

पंधरा दिवसांनी साहेबांना घरून फोन आला. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा डी नदीत होडगं उलटून बेपत्ता झाला होता. त्या साली नदीनं दोघांना आधीच घेतलं होतं. साहेब विमानतळाकडे धावले, आणि भिवा यार्डातल्या नळापाशी जाऊन उभा राहिला. "बा डीच्या राखणदारा, ह्या पोराक सोड. ह्येचो बापूस सवता तुझ्या पुलार येऊन तुझो मान देतलो."

"नवस तुझा आणि फेडणार साहेब?" हनीफ म्हणाला. "त्याला विचारलंस तरी?"

"येळ खंय होतो?"

मुलगा संध्याकाळी बंदराजवळच्या पुलाच्या खांबाला मिठी मारलेला सापडला. जिवंत. साहेबांनी परत येऊन सगळ्यांना मिठाई वाटली. नवसाचं सांगायला भिवाची मात्र जीभ उचलेना.

मग साहेबच सांगू लागले. मुलगा बोलत नाही. रोज पुलावर जाऊन उभा राहतो. कपडे सुके, तरी सकाळी अंथरूण ओलं. पुढल्या वर्षी म्हणाले, आता तो कठड्यावर बसतो.

भिवानं शेवटी नवस आणि मान, दोन्ही सांगून टाकलं. साहेब लालबुंद झाले. "मेरा नाम दिया? किसको पूछके? हम चर्चवाला आदमी. नदी को खाना नहीं देता. खलास!" त्यानंतर ते कामापुरतंच बोलले, आणि कंत्राट संपल्यावर निघून गेले. भिवानं वेल्डिंगचं हेल्मेट खाली ओढलं की काळ्या काचेत कठड्यावरून वाकलेलं एक पोरगं दिसायचं.

२००२च्या मार्चात, जेवणाच्या सुट्टीत, भिवाचा मोबाइल वाजला. स्कॉटलंडहून साहेब होते.

"भिवा, लडका कल रेलिंग के बाहर खडा था. मैं पूल पे है. नारियल मिला. मुर्गा नहीं मिला."

"चलेगा साब. फोन पानी की तरफ धरो."

गाऱ्हाण्याला जमलेल्यांचा होकार लागतो. सगळ्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणायचं, नाहीतर मागणं पोचत नाही. भिवानं शेजारी जेवणाऱ्या हनीफला खूण केली आणि सुरुवात केली. "बा म्हाराजा, चूक माझी. पोराचो दोष नाय. बापूस इलो हा. तुझो मान घे, आणि पोरगो ह्येंका परत दी."

हनीफनं तोंड उघडण्याआधी फोनमधूनच होकार आला. बायांचा, पुरुषांचा, होडीभर माणसांचा. शब्द परके, ठेका ओळखीचा. हनीफचा घास हातातच राहिला.

"साब," भिवानं हळूच विचारलं, "आप के साथ कौन है?"

"कोई नहीं. खाली फॉग है. क्यों?"

"कुछ नहीं. नारियल छोडो." पाण्यात काहीतरी पडलं. "अब घर जाव. कोई नाम लेके बुलाया तो भी पीछे देखने का नहीं."

साहेब फोन बंद न करताच चालू लागले. त्यांच्या बुटांचा आवाज येत होता, आणि त्याच्यामागून अनवाणी, ओल्या पावलांचा. पुष्कळ पावलं. भिवा आणि हनीफ एकाच फोनला कान लावून बसले. पूल संपला असावा. ओली पावलं एकेक करून थांबत गेली. शेवटची एक जोडी मात्र बुटांच्या मागोमाग चालत राहिली, हळूहळू कोरडी होत.

मग घराचं दार वाजलं, आणि चार वर्षांत न बोललेला एक तरुण आवाज म्हणाला, "डॅड?"