तीन नंबरचा प्लग

"पडला नाही ना जी?"

बॉनेटखाली डोकं घालून, मान न वळवता आमचे मिस्त्रीजी हा प्रश्न विचारायचे आणि हात मागे पसरायचे. त्या तेलकट तळव्यावर आपण इंजिनाचा नवा स्पार्क प्लग ठेवायचा आणि "नाही" म्हणायचं. मग दुसरा प्लग, पुन्हा तोच प्रश्न. चार प्लग, चार वेळा. त्यातल्या तिसऱ्या वेळी मी खोटं बोललो.

तुमच्याही ओळखीत असा एखादा मिस्त्री असेल, ज्याच्याकडे गाडी टाकून निघून जाता येत नाही. यांच्याकडे तो नियमच होता. मालकानं शेजारी उभं राहायचं आणि नवं सामान आपल्या हातानं द्यायचं. "मंग कोणी म्हणू नये का मिस्त्रीनं जुनाच माल लावला," असं ते म्हणत. तेलीबांध्याच्या तलावामागे त्यांचं टिनाचं शेड होतं. मूळचे गोंदियाकडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. गिऱ्हाईक छत्तीसगढी बोललं की छत्तीसगढीत उत्तर, हिंदी बोललं की हिंदीत, आणि मी आलो की खुर्ची पुसता पुसता, "या भाऊ, आज काय आवाज करून राहिली तुमची गाडी?"

गाडी म्हणजे माझी जुनी पेट्रोल पिकअप. माझी बायको समता कॉलनीतल्या आमच्या घरून जेवणाचे डबे करते. सरकारी कचेऱ्या शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत हलू लागल्या तेव्हा तिकडच्या एका ऑफिसच्या साठ डब्यांचं काम तिला मिळालं. घरात सगळ्यांत रिकामा मी, म्हणून डबे पोचवायचं काम मला मिळालं. दुपारी एकच्या आत साठ डबे. सव्वा एकला पोचलो तर साठ माणसं माझ्याकडे बघत, आणि त्यांनी काही न बोलता बघणं मला फार जड जाई.

त्या दिवशी प्लग बदलायला गेलो तेव्हा अकरा वाजत आले होते. एका हातात तिसरा प्लग आणि दुसऱ्या हातात मोबाइल. मी बायकोला सांगत होतो, "झालंच, दहा मिनिटांत निघतो." तेवढ्यात प्लग सुटला आणि कमरेच्या उंचीवरून सिमेंटवर पडला. नेमका रस्त्यावरून डंपर गेला, त्यात आवाज विरला.

मिस्त्रीजींचं म्हणणं मला पाठ होतं. "पडलेला प्लग टाकून द्याचा. बाहेरून साजरा दिसते, पण त्याच्या चिनीमातीले तडा जाते." म्हणजे नवा आणायला बाजारात जाणं आलं, म्हणजे एक तास, म्हणजे ती साठ माणसं. मी प्लग उचलला, पँटला पुसला. साजराच दिसत होता.

"पडला नाही ना जी?"

"नाही."

तीन दिवस गाडी छान चालली. चौथ्या दिवशी उड्डाणपुलावर चढताना तिला उचकी लागल्यासारखं झालं. अभनपुरला माल नेणारे टेंपो मागून हॉर्न मारत होते आणि मागच्या बाजूला साठ डबे एकमेकांवर आपटत होते. मी दीड वाजता पोचलो. ऑफिसातल्या साहेबांनी बायकोला फोन केला, की असं पुन्हा झालं तर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल.

घरी पाऊल टाकताच तिनं विचारलं, "आत्ताच तं प्लग बदलले नं? मंग काहून बंद पडते गाडी?"

मी म्हणालो, "मिस्त्रीजींना आता नीट दिसत नाही. वय झालं. बसवताना काहीतरी चुकलं असेल."

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं, की मला क्षणभर तेच खरं वाटलं.

मिस्त्रीजींनी दुसऱ्या दिवशी गाडी घेतली. त्यांचा संशय कॉइलवर होता. प्रत्येक प्लगाच्या डोक्यावर एक कॉइल बसवलेली असते, तीच त्याला वीज देते. त्यांनी एक नंबरची कॉइल तीनवर लावली, तीनची एकवर. "कॉइल बिमार असन तर बिमारी तिच्या मागं मागं जाईन," ते म्हणाले. पण दुकानात उभी असताना गाडी शहाण्यासारखी वागत होती. शेवटी म्हणाले, "उद्या मी येतो डब्यासंगं."

आणि खरंच आले. धुतलेला शर्ट घालून, मांडीवर वरणाचा डबा धरून बसले. पुलावर उचकी लागली. डबे पोचवून परतताना तर गाडी सतत अडखळू लागली, तेव्हा त्यांनी ती बाजूला घ्यायला लावली. इंजिन चालू ठेवून एकेका कॉइलची पिन काढून बघितली. पहिली काढली, आवाज पडला. दुसरी काढली, आवाज पडला. तिसरी काढली तर इंजिनाला पत्ताच नाही.

"तीन नंबर मेला आहे." त्यांनी तीनवरची आणि दोनवरची कॉइल अदलाबदल करून पाहिली, तरी मेलेला तीनच. "कॉइल तं बराबर आहे. म्हणजे प्लग."

इंजिन थंड होईपर्यंत आम्ही एका झाडाखाली उभे राहिलो. त्यांनी प्लग खोलला, उजेडात धरला, चष्मा कपाळावर नेला, पुन्हा डोळ्यांवर आणला. मग तो माझ्या हातात दिला.

"तुमी पाहा बरं, भाऊ. तुमचे डोळे चांगले. कुठं तडा दिसते का?"

पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी काळी रेघ होती. स्वच्छ दिसत होती.

"नाही दिसत," मी म्हणालो.

त्यांनी प्लग माझ्या हातातून परत घेतला. "मंग आतून फुटला असन, बसवतानाच माझा हात चुकला." पिशवीतून नवा प्लग काढला, स्वतःच बसवला. या वेळी मला काही विचारलं नाही. गाडी सुरू झाली ती लोण्यासारखी.

बायकोचं मन मोकळं आहे. मोकळं म्हणजे त्यात काही राहत नाही. आठवड्यात अख्ख्या कॉलनीला कळलं, की तलावामागच्या मिस्त्रीला दिसत नाही, गाडी नेऊ नका. आणि आठ दिवसांनी मी शेडवरून गेलो तर मिस्त्रीजी पाने कापडात गुंडाळून पेटीत ठेवत होते.

"प्लगाचं काम आता नाही घेत, भाऊ. गिऱ्हाईकही कमीच येऊन राहिले. बंदच करतो म्हणतो."

मी स्टुलावर बसलो. आणि सांगून टाकलं. डंपर, पँट, ती काळी रेघ, बायकोला काय बोललो आणि तिनं कॉलनीत काय सांगितलं ते, सगळं.

मला वाटलं पाना फेकून मारतील. ते म्हणाले, "किती उंचावरून पडला?"

"कमरेच्या."

"मंग फुटनच." हातातला पाना पेटीत ठेवून म्हणाले, "म्हणजे हात बराबर होता?"

"बरोबर होता, मिस्त्रीजी."

"पक्का?"

"पक्का."

त्यांनी पेटीतून एक पाना परत काढला आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. "आठ दिवसांपासून घरी बसून सुईत दोरा ओवून पाहून राहिलो. ओवल्या जाते. मंग म्हणो, इथं काहून चुकलं?" दुसरा पाना टांगला. "तडा नाही दिसला, ते तं खरंच. चष्मा बदलून घेतो."

चष्मा बदलला आणि त्यानंतर दोन वर्षं दुकान चालवलं. नवं सामान माझ्या हातून घेतलं की मला घरी पाठवत आणि उरलेलं काम करून पिकअप स्वतः आणून देत. बायको फाटकावरूनच किल्ली घेई, आत या म्हणत नसे. ते तिला नमस्कार करत आणि पायी परत जात. कधी एका शब्दानं बोलले नाहीत, तिला नाही आणि मलाही नाही. मी खिडकीच्या पडद्यामागे उभा असे. तिला सांगायचं रोज ठरवत होतो आणि रोज काहीतरी घाई निघे.

मागच्या महिन्यात ते गोंदियाला मुलीकडे राहायला गेले. शेड रिकामं झालं. भिंतीवर पान्यांच्या आकाराचे फिकट डाग तेवढे राहिले आहेत. मी घरी येऊन सांगितलं, तर बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, "बरं झालं. दिसत नव्हतं तं कशाले लोकाच्या गाड्या खराब करा?"

मग मात्र मी सांगितलं. पहिल्यापासून. ती लाटणं हातात धरून ऐकत राहिली. तव्यावरची पोळी जळली, तरी तिनं गॅस बंद केला नाही, मी केला.

"मी काय सांगत फिरत होती, ते त्याईले माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी गाडी घेऊन येत होते?"

"हो."

तिनं पिठाचे हात पदराला पुसले आणि माझा मोबाइल माझ्यासमोर धरला.

"गोंदियाले फोन लावा. तुमी काही बोलू नका, मी बोलते."