प्लास्टिकला पान समजणारी बुरशी

१२ सप्टेंबर. दुकान बंद ठेवून पळसदरीला आमच्या शेतावर बांधाचं गवत काढत होते. कर्जतमध्ये माझं औषधांचं दुकान आहे. पावसाळाभर मी लोकांना नायट्याची मलमं विकते, त्यामुळे बुरशीबद्दल मला आदर नसला तरी तिचे उपकार मी नाकारत नाही.

खालच्या खाचरात भाताच्या पानांवर डोळ्याच्या आकाराचे डाग दिसले. मधे राखाडी, कडेला तपकिरी. करपा. भात पोटरीत आलेला, लोंबी बाहेर पडायच्या बेतात. लोंबीच्या मानेला हा रोग लागला की दाणा भरत नाही, आणि आमचं वर्षाचं खाणं त्याच खाचरातलं.

शेती धाकटे दीर बघतात. त्यांनी युरियाची गोण आणून पडवीत टेकवलीही होती.

"पान फिकं पडलंय, वयनी. भात उपाशी हाय. उद्या युरिया टाकतो."

"काका, युरियाने करपा वाढतो," माझी मुलगी म्हणाली. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला: कॉलेजात त्यांनी हीच बुरशी प्लास्टिकच्या तुकड्यावर सोडली होती, आणि तिथे काळ्या गोळ्या चिकटल्या होत्या.

"बुरशी आधी चाचपते. तिच्या पेशीच्या पडद्यात प्रथिनं असतात. जागा कडक आहे का, मेणचट आहे का, ते ती आत कळवतात. मग टोकाला अशी गोळी फुगते आणि आतल्या दाबाने पान भोसकते. प्लास्टिकही तसंच लागतं हाताला, म्हणून फसली."

"मंग पिलास्टिकच खाऊ दे की तिला."

"आत शिरता येत नाही ना, काका. नुसती दाबत बसते."

"म्हंजे तुझ्या आत्याचा नवरा. नुसता जोर, काम काय न्हाई."

मी हसले, पण विषय सोडला नाही. मुलीच्या म्हणण्याप्रमाणे करप्याच्या औषधाने गोळीला काळा रंग धरत नाही, आणि रंग नसला की दाब टिकत नाही. पण फवारणी बुरशी आत शिरायच्या आधी व्हायला हवी.

"बघू, चार दिसांनी मारू," दीर म्हणाले.

"नायट्याला मलम लावता तसं? खाज थांबली की ट्यूब माळ्यावर, पसरला की माझ्या दुकानात?"

त्यांनी कंबर खाजवायची थांबवली. "तुमी गोळ्या विका, वयनी. भात मी लावलाय. उद्या युरिया पडणार." आणि उठून गेले.

१३ सप्टेंबर. सकाळी दीर उठायच्या आत मुलीने आणि मी गोण स्कूटीवर चढवली. कर्जतला जाऊन मी खतवाल्याला शटर उघडायला लावलं, गोण परत केली आणि करप्याचं औषध घेऊन आले. पंप पाठीवर घेऊन खाचरात उतरले तेव्हा दीर बांधावर उभे होते. रिकामी पडवी त्यांनी पाहिली होती.

"वाऱ्याकडं पाठ तरी करा," म्हणाले.

मी पाठ केली आणि फवारायला लागले.