जुळं

मलकापूरच्या एमआयडीसीत आमच्याकडे नोटिसा पाकिटात भरायचं मशीन आहे. ते कागदाला घड्या घालतं, पाकिटात सरकवतं आणि डिंक लावून तोंड बंद करतं. पुण्याच्या इंजिनिअरने त्यातली सगळी इंग्रजी नावं आम्हा बायांकडून घोकून घेतली. त्याची पाठ फिरली आणि आम्ही आपलं बारसं उरकून टाकलं. पाकिटावरची झाकायची पट्टी म्हणजे पदर. कागद अडकला की ठसका. दोन कागद चिकटून एकदम ओढले गेले की जुळं.

जुळं आलं तर मशीन नुसतं 'टीं' करतं, थांबत नाही. थांबवायचं नाही, असा राजकुमार शेठचा हुकूम. ते 'टीं' खडखडाटात दुसऱ्या टोकाला ऐकू जात नाही. म्हणून कागद लावणारी शकीलाभाभी ओरडायची, "जुळं!" आणि त्या टोकाची मंजुश्री नेमकं ते पाकीट उचलून बाजूला काढायची. मी मधेच बसून गठ्ठे बांधते.

मंजुश्री वडनेर भोलजीची. उन्हाळ्यात तिला सातव्याच महिन्यात जुळ्या मुली झाल्या, आणि दोघीही गेल्या. थोड्या दिवसांनी ती कामावर आली. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

"घरी काऊन नाही राह्यली व?" मी विचारलं.

"घरी सारे माह्याकडंच पाह्यतात. मशीन पाह्यत नाही."

तेव्हापासून तो शब्द कोणीच तोंडातून काढला नाही. ठरवलं नव्हतं, जीभच उचलत नव्हती. 'टीं' झालं की शकीलाभाभी नुसता हात हलवायची. मंजुश्रीचे डोळे पाकिटं सरकत येणाऱ्या पट्ट्यावर असायचे, त्यामुळे तिला हात दिसत नव्हता. दोन-दोन कागदांची पाकिटं तशीच जात राहिली.

मग एका पतसंस्थेच्या नोटिसा एकाच्या पाकिटात दुसऱ्याच्या अशा गेल्या. तक्रारी आल्या. शेठ तापून आत आला, त्याने मंजुश्रीकडे बोट केलं.

"इचं ध्यानच नाही कामात. उद्यापासून इले घरीच बसू द्या."

माझं डोकं भणाणलं. आमच्याच भलेपणापायी तिचं काम जात होतं, हे त्याला कोण सांगणार? मंजुश्री मात्र दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय तशी बसून होती.

शेठ तिथेच उभा राहिला. मशीन सुरू झालं. 'टीं' वाजलं, शकीलाभाभीचा हात वर गेला, आणि या वेळी मंजुश्रीने तो पाहिला. तिने उठून लाल बटण दाबलं. शेठसमोर मशीन बंद!

"भाभी, जुळं आलं न?"

भाभीने मान हलवली.

"मंग म्हना न."

"जुळं," भाभी पुटपुटली.

"मले आयकू नाही आलं. पह्यलेसारखं म्हना. मोठ्यानं."

शकीलाभाभी ओरडली. तिचा आवाज फाटला. मंजुश्रीने पाकीट फोडलं, चिकटलेले कागद नखाने सोडवले, दोन बाजूंना ठेवले आणि मशीन चालू केलं. शेठने ते दोन कागद पाहिले आणि तो निघून गेला.

त्या दुपारी भाभीला आणखी बऱ्याचदा ओरडावं लागलं. एकही पाकीट चुकलं नाही.