बी पॉझिटिव्हला लाल टॅग

प्रितमला ब्लड कॅन्सर झाल्याचं कळलं तेव्हा आमच्या लाइनवर दोन-चार जणांनी मनातल्या मनात हुश्श केलं. त्यात मीही होतो. आता खोटं कशाला बोलू?

कुरुळीच्या आमच्या कंपनीत ब्रेकचे ब्रॅकेट बनतात. मी रविराज, प्रॉडक्शनचा सुपरवायझर. माल काढणं माझं काम. प्रितम क्वालिटीचा इन्स्पेक्टर. माझा माल अडवणं त्याचं काम, आणि ते तो बारा वर्षं मनापासून करत होता. भोक केसभर मोठं झालं की त्याच्या खिशातून माल नापास करायचा लाल टॅग निघायचा.

"अरे, चालतंय की राव," मी म्हणायचो.

"नाही चालत," तो म्हणायचा.

दिवसातून पंधरा वेळा आमचं एवढंच संभाषण. कँटीनचे पोहे त्याला कधी पसंत पडले नाहीत. एकदा एक स्थळ आलं, तर मुलीची उंची बायोडाटात पाच-तीन होती आणि याच्या डोळ्याला पाच-दोन दिसली. तेही नापास. पुढं स्थळं यायचीच थांबली.

मग त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, अंगावर निळे डाग उठले, आणि महिन्याभरात तो पुण्यातल्या एका हॉस्पिटलात केमो घेत पडला. डॉक्टर म्हणाले, बोन मॅरो बदलावा लागेल. म्हणजे हाडांच्या आतला गर, जिथं रक्त तयार होतं तो. मी भेटायला गेलो, तर डोक्यावर एक केस नाही आणि हा पठ्ठ्या मलाच शिकवतोय.

"प्रत्येक पेशीच्या अंगावर खुणा असतात. आणि रक्तातल्या पहारेकरी पेशींच्या अंगावर रिसेप्टर. ते खुणा चाचपून बघतात. खूण आपली असली की पास, नसली की रिजेक्ट."

"म्हणजे तुझ्या रक्तात क्वालिटी डिपार्टमेंट आहे."

"होतं," तो म्हणाला. "खराब पेशी ढिगानं पास केल्या हरामखोरांनी. आता अख्खं डिपार्टमेंट काढून नवीन भरायचंय."

नवीन डिपार्टमेंट द्यायला माणूस एकच होता, त्याची मोठी बहीण आम्रपालीताई. ताई बसमध्ये कंडक्टर. पळत येणारा माणूस चौकातून जरी दिसला, तरी ही बस थांबवून ठेवणार. सख्ख्या भावंडातही खुणा जुळायची शक्यता चारात एक, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ताईच्या जुळल्या, दहापैकी दहा. बारा वर्षांत माझ्या एकाही लॉटला हे भाग्य लाभलं नव्हतं.

नातेवाइकांनी ताईला घाबरवून सोडलं होतं की हाड फोडून गर काढतात. प्रत्यक्षात पाच दिवस इंजेक्शनं दिली, मग दोन्ही हातांत सुया खुपसून चार तास मशीनला जोडून बसवलं. ताई तिथंही गर्दी करणाऱ्यांना "पुढं सरका" म्हणत होती. शेवटी निघाली काय, तर एक पिशवी, टोमॅटोच्या सारासारखी. ती प्रितमच्या शिरेतून आत गेली. झालं ट्रान्सप्लांट.

"दादा, जय भीम करते आणि एक सांगते," ताई मला म्हणाली. "माझं रक्त गेलं ना, की हा जरा माणसात येईल. लोकांना सांभाळून घ्यायला शिकेल."

डॉक्टर म्हणाले, रक्त बदलतं, स्वभाव नाही. त्यांचं कोण ऐकतो? लाइनवर आम्ही सगळे ताईच्या रक्ताकडं डोळे लावून बसलो.

ताईच्या पेशींनी आत गेल्या गेल्या प्रितमचीच कातडी परकी ठरवली आणि त्याच्या अंगभर पुरळ आणलं. ते औषधांनी आवरलं. मग नव्या रक्ताला जुन्या लशी आठवत नाहीत म्हणून त्याच्या लहानपणीच्या लशी पहिल्यापासून टोचायला घेतल्या. छत्तीस वर्षांचा बाप्या, आणि पोलिओची सुई!

एका रविवारी मी पिंपरीला त्याच्या घरी गेलो. मास्क लावून खिडकीशी बसला होता, हँगरवर शर्ट अडकवावा तसा. त्याला जरा चेव यावा म्हणून मी मोबाइलवर एका ब्रॅकेटचा फोटो दाखवला. वेल्डिंग इतकं भिकार, की आंधळ्यानंही नापास केलं असतं. त्यानं पाहिलं आणि मोबाइल परत दिला.

"चालतंय," तो म्हणाला.

ताईनं विचारलं, वरणात मीठ कमी आहे का? चालतंय. पंखा बंद करू का? चालतंय. मी खाली येऊन गाडीला किक मारली, पण निघता येईना. रडूच आलं. ज्याची कटकट टळली म्हणून मी खूश होतो, तो माणूसच आतून संपला की काय, अशी भीती वाटली.

चौदा महिन्यांनी डॉक्टरांनी कामावर जायला परवानगी दिली. तोवर कंपनीची नोटीस आली होती, तीस तारखेपर्यंत हजर व्हा, नाहीतर नाव कमी करू. बिचारा लगेच हजर व्हायला गेला. कंपनीच्या मेडिकलमध्ये रक्तगट निघाला ओ पॉझिटिव्ह. रेकॉर्डला होता बी पॉझिटिव्ह. एचआरच्या भाग्यश्री मॅडमनी त्याला तिथंच बसवून ठेवलं.

"रक्तगट बदलत नसतो. कुणाचं रक्त दिलंत?"

त्यांचंही फार चुकलं नव्हतं. मेडिकलला मित्राचं रक्त देणारे आमच्या पट्ट्यात सापडतात. ओळख पटवायला मला बोलावलं, आणि ताई ड्युटीच्या कपड्यांतच येऊन धडकली. तारीख होती तीस.

"मॅडम, त्याच्या अंगात आता माझं रक्त बनतं," ताई म्हणाली. "माझा गट ओ, म्हणून त्याचाही ओ. हे हॉस्पिटलचं पत्र."

मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. पटलं त्यांना. "पण सिस्टिममध्ये हा रकाना लॉक आहे," त्या म्हणाल्या. "मुख्य ऑफिसला पाठवलं तर दोन महिने जातील, आणि मुदत आज संपते. असं करू, बी पॉझिटिव्हच राहू दे. उद्यापासून या. चालतंय की."

त्यांनी त्याचं जुनं कार्ड आणि हेल्मेट टेबलावर ठेवलं. दोन्हींवर ठळक 'बी पॉझिटिव्ह'.

"घे, प्रित्या," ताई म्हणाली. "सांभाळून घेतायत ना मॅडम."

"घे राव," मीही पुटपुटलो. नोकरी समोर ठेवली होती. नुसती उचलायची होती.

प्रितमनं हेल्मेट उचललं आणि जुन्या सवयीनं उजेडाकडं धरलं. बराच वेळ बघत राहिला.

"नाही चालत," तो म्हणाला.

हे दोन शब्द मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होतो.

"डॉक्टरांनी लिहून दिलंय, मला यापुढं बी गटाचं रक्त द्यायचं नाही. उद्या प्रेस मशीनमध्ये हात गेला तर?"

"अहो, हॉस्पिटलवाले तपासूनच देतात."

"मग हेल्मेटवर छापता कशाला?"

मॅडम भडकल्या. "मग आज जॉइनिंग होणार नाही. बघा बाबा."

प्रितमनं खिशातून लाल टॅग काढला. चौदा महिने केमोत, उलट्यांत, तापात हा माणूस तो जपून होता! हेल्मेटला टॅग बांधून त्यानं लिहिलं, 'कारण: रक्तगट चुकीचा', आणि पेन माझ्यापुढं धरलं. आमच्याकडं टॅगवर प्रॉडक्शनची सही लागते. ती झाली की दुरुस्ती होईपर्यंत ती वस्तू मालकालाही वापरता येत नाही. अशा प्रत्येक सहीसाठी मी बारा वर्षं त्याच्याशी तोंड फाटेस्तोवर भांडलो होतो. आज सही केली तर त्याची नोकरी जाईल, हे मला दिसत होतं. नाही केली तर काय जाईल, हेही दिसत होतं.

मी सही केली.

मॅडम टॅगकडं बघत राहिल्या. सोमवारी ऑडिट होतं, आणि ऑडिटवाले उघड्या लाल टॅगचाच जाब आधी विचारतात. त्यांनी मुख्य ऑफिसला फोन लावला. "हो, आजच. रकाना उघडा. टॅग लागलाय." साडेचारला नवीन कार्ड निघालं, ओ पॉझिटिव्ह.

गेटबाहेर ताईनं डोळे पुसले आणि भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. "एवढं रक्त दिलं, सगळं वाया," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला त्यानं माझे दोनशे ब्रॅकेट अडवले.

"अरे, चालतंय की राव," मी म्हणालो.

"नाही चालत."

मी उगाचच आणखी एकदा विचारलं.